‘मी फक्त सांगितलेले करते’

पत्राचा सारांश: पदव्युत्तर शिक्षण संपल्यावर पत्रलेखिका गेली अडीच वर्षे पेशीजीवशास्त्राच्या एका लॅबमध्ये संशोधन साहाय्यक म्हणून काम करीत आहेत. पेशी वाढवणे, वेस्टर्न ब्लॉट (पट्ट्यांवरून, म्हणजे बँडवरून, प्रथिने ओळखण्याची चाचणी) करणे, मीडियम (पेशींचे पोषक द्रव) आणि बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) तयार ठेवणे, सामानाची मागणी नोंदवणे अशी त्यांची रोजची कामे आहेत. लॅबचा एक पेपर आता लिहून होत आला असून येत्या दीड महिन्यात तो पाठवायचा आहे. त्यातील दोन आकृत्या पूर्णपणे त्यांच्या प्रयोगांवर उभ्या आहेत, तरीही आपले नाव फक्त आभारांत येणार असल्याचे त्यांना एका सहकाऱ्याकडून कळले. ‘मी फक्त सांगितलेले करते, त्यामुळे तक्रारीला जागा आहे का हेच मला कळत नाही,’ असे त्या लिहितात. बरोबरचे मित्रमैत्रिणी पीएच.डी.ला लागले आहेत, घरचे ‘साहाय्यक किती दिवस राहणार?’ असे विचारतात आणि नुसते ‘हात’ बनून राहण्यातून सुटायचे तर पीएच.डी.शिवाय मार्ग नाही, असे त्यांना वाटू लागले आहे. अर्जाची मुदत जवळ आली आहे, पण कोणत्या विषयात अर्ज करावा हे त्यांना सुचत नाही.

प्रिय मैत्रीण,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी थांबले. ‘पेपरमध्ये नाव नाही, म्हणून आता पीएच.डी. केलीच पाहिजे,’ असे तुम्ही लिहिले आहे. या एका वाक्यात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. तुमच्या आजवरच्या कामाची योग्य दखल घेतली जात आहे का, हा एक. पुढची चार-सहा वर्षे तुम्हाला एखाद्या प्रश्नाच्या मागे घालवायची आहेत का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुखावणारे आले म्हणून दुसऱ्याचे उत्तर आपोआप ‘हो’ होत नाही. लॅबमध्ये वर्षानुवर्षे काम करणारी माणसेसुद्धा अशी गल्लत करतात, आणि मग भलत्याच कारणासाठी घेतलेला निर्णय त्यांना फार महागात पडतो. म्हणून आधी पेपरविषयी बोलू या, कारण त्याला दीड महिन्याची मुदत आहे. पीएच.डी.ला खरे तर तितकी घाई नाही.

‘मी फक्त सांगितलेले करते’ हे तुमचे म्हणणे मला मान्य नाही, आणि ते खोडून काढायला तुमचेच पत्र पुरेसे आहे. तिसऱ्या पानावर, जाता जाता सांगावे तसे, तुम्ही गेल्या वर्षीची एक गोष्ट लिहिली आहे. दर तीन दिवसांनी नव्या फ्लास्कमध्ये पसरवाव्या लागणाऱ्या पेशी चौथा दिवस उजाडला तरी फ्लास्क भरत नव्हत्या. मीडियम गढूळ नव्हते, सूक्ष्मदर्शकाखाली वावगे काही दिसत नव्हते आणि सगळ्यांना सगळे ठीक वाटत होते. तुम्ही मात्र मागच्या दोन महिन्यांच्या नोंदी काढून पेशी भरायला लागलेले दिवस एका खाली एक लिहिले, ते हळूहळू वाढत गेल्याचे पाहिले आणि मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची तपासणी करू देण्याची विनंती केली. एक ज्येष्ठ सहकारी तेव्हा ‘कशाला नसती उठाठेव?’ असे म्हणाले होते. तपासणीत मायकोप्लाझ्मा निघाला, तीन महिन्यांचे निष्कर्ष बाजूला ठेवावे लागले, आणि द्रवरूप नायट्रोजनमधून गोठवून ठेवलेल्या पेशींची जुनी, स्वच्छ कुपी काढून तुम्ही ते सगळे प्रयोग पुन्हा केले. आज पेपरमध्ये असलेल्या त्या दोन आकृत्या याच पुन्हा केलेल्या प्रयोगांच्या आहेत.

ज्यांनी पेशी वाढवलेल्या नाहीत अशा वाचकांसाठी सांगते, हे लक्षात येणे सोपे नसते. साधे जिवाणू शिरले की मीडियम रातोरात गढूळ होते आणि त्यातला लाल रंग पिवळा पडतो. ते कुणालाही दिसते. मायकोप्लाझ्मा इतका बारीक असतो की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो ओळखू येत नाही, मीडियम बहुधा स्वच्छच राहते, आणि त्याला पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिनसारखी पेशीभित्तिकेवर घाव घालणारी प्रतिजैविके त्याच्यावर चालत नाहीत. पेशी मरत नाहीत, फक्त त्यांचे वागणे बदलते आणि त्या बदललेल्या वागण्यालाच आपण शोध समजून बसतो. डीएनएला चिकटणारा चमकता रंग वापरून किंवा पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून पाहणारी चाचणी) करून तो एका दिवसात पकडता येतो. पण तपासावे असे मुळात कुणाला तरी वाटावे लागते. तुमच्या लॅबमध्ये ते तुम्हाला वाटले आणि तसे करायला तुम्हाला कुणीही सांगितलेले नव्हते. चुकीचा पेपर छापला जाण्यापासून तुम्ही तुमच्या लॅबला वाचवले आहे. याला मी ‘हातांचे काम’ म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नये.

आता नियमांकडे वळते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणावे याचे चार निकष ठरवले आहेत आणि जीवशास्त्रातील पुष्कळ नियतकालिके ते मानतात. अभ्यासाची कल्पना किंवा आखणी यांत, अथवा विदा (प्रयोगांतून मिळणारी माहिती) मिळवणे, तिचे विश्लेषण करणे किंवा तिचा अर्थ लावणे यांत भरीव वाटा असणे, हा पहिला निकष. मसुदा लिहिणे किंवा त्यातील आशय बारकाईने तपासून सुधारणे, हा दुसरा. छापायच्या अंतिम मसुद्याला संमती देणे हा तिसरा, आणि कामाच्या अचूकपणाची व सचोटीची जबाबदारी पत्करणे हा चौथा. हे चारही निकष पूर्ण व्हावे लागतात. पण त्यांच्याच जोडीला असलेली एक सूचना फारशी कुणी वाचत नाही आणि तुमच्यासारख्यांना ती माहीत असणे फार गरजेचे आहे. पहिला निकष जो पूर्ण करतो, त्याला मसुदा वाचण्याची, सुधारण्याची आणि संमती देण्याची संधी दिली गेली पाहिजे, असे ती सांगते. आधी मसुदा दाखवायचाच नाही आणि मग ‘तुम्ही मसुद्यावर काम केले नाही, म्हणून तुम्ही लेखक नाही’ असे म्हणायचे, ही पळवाट त्या सूचनेने बंद केली आहे.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. केवळ मीडियम तयार केले, प्लाझ्मिड (डीएनएचे लहान वर्तुळ) वाढवून दिले, सामान मागवले किंवा ठरलेल्या पद्धतीने सेवा म्हणून नमुने चालवून दिले, तर आभारांत उल्लेख होणे हा अन्याय नसतो. हे पत्र वाचणाऱ्या काही साहाय्यकांच्या बाबतीत परिस्थिती तशीच असेल आणि त्यांनी उगाच मनाला लावून घेऊ नये. तुमच्या बाबतीत मात्र प्रयोग तुम्ही केले, तुलनेसाठी कंट्रोल कोणते ठेवायचे हे निदान एका आकृतीत तुम्ही सुचवले, आणि विदा विश्वासार्ह आहे की नाही याचा निवाडाही तुम्हीच केला. पहिला निकष पूर्ण होतो असे मला स्पष्ट वाटते. ‘पण मला याच कामाचा पगार मिळतो’ असे तुम्ही लिहिले आहे. लॅबप्रमुखांनाही पगार मिळतो. लेखकपणाच्या निकषांत पगाराचा, पदाचा किंवा पदवीचा कुठेही उल्लेख नाही.

मार्था चेस यांचे उदाहरण येथे मुद्दाम देते. 1950 साली नुकती पदवी घेऊन त्या विषाणूंवर संशोधन करणाऱ्या आल्फ्रेड हर्शी यांच्याकडे संशोधन साहाय्यक म्हणून लागल्या. विषाणूतील प्रथिनाला किरणोत्सारी गंधकाची आणि डीएनएला किरणोत्सारी फॉस्फरसची खूण करायची, ते विषाणू जिवाणूंवर सोडायचे आणि मग स्वयंपाकघरात वापरतात तशा मिक्सरमध्ये फिरवून बाहेर चिकटलेली कवचे सुटी करायची, असा तो प्रयोग होता. खुणेसाठी वापरलेल्या फॉस्फरसची किरणोत्सारिता साधारण चौदा दिवसांत निम्मी होते, म्हणजे सावकाश काम करायला वाव नव्हता. डीएनए आत जाते आणि प्रथिन बहुतांशी बाहेरच राहते, हे त्यातून दिसले. 1952 साली आलेल्या त्या पेपरवर दोनच नावे आहेत, हर्शी आणि चेस. आणि आजही पाठ्यपुस्तकांत तो प्रयोग दोघांच्याच नावाने शिकवला जातो. 1969 चे नोबेल हर्शी यांना इतर दोघांबरोबर मिळाले, चेस यांना मिळाले नाही. पण पेपरवर नाव होते म्हणून त्या इतिहासातून पुसल्या गेल्या नाहीत.

याच्या उलट व्हिव्हियन थॉमस. मंदीमुळे महाविद्यालयात जाण्याचा बेत मागे पडला आणि 1930 साली ते आल्फ्रेड ब्लॅलॉक या शल्यविशारदांकडे लॅबमध्ये साहाय्यक म्हणून लागले. जन्मजात हृदयदोषामुळे निळी पडणारी बालके वाचवणारी शस्त्रक्रिया कुत्र्यांवर करून करून त्यांनी बसवली. 29 नोव्हेंबर 1944 रोजी ती प्रथम एका बालकावर झाली तेव्हा ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून ते एकेक पायरी सांगत होते. दुसऱ्या वर्षी आलेल्या पेपरमध्ये थॉमस यांचे नाव नव्हते. सन्मान्य डॉक्टरेट मिळायला 1976 साल उजाडले. इतकी वर्षे एखाद्याने वाट पाहावी असे मला मुळीच वाटत नाही, म्हणून तुम्हाला सांगते की आताच बोला.

बोलायचे कसे? आधी एका कागदावर तक्ता करा. पेपरमधील प्रत्येक आकृतीचा प्रत्येक भाग, तो प्रयोग कुणी केला, किती वेळा केला, नोटबुकच्या कोणत्या पानांवर आहे आणि त्यात आखणीचा किंवा विश्लेषणाचा कोणता निर्णय तुमचा होता, एवढे त्यात असू द्या. इतरांचे श्रेयही तितक्याच नेमकेपणाने लिहा. आपल्याकडे जास्त ओढले तर तक्त्याचे सगळे वजन जाईल. मग मार्गदर्शकांकडे अर्ध्या तासाची वेळ मागा. कॉरिडॉरमध्ये गाठू नका आणि सर्वांसमोर बैठकीत विषय काढू नका. ‘माझे नाव का नाही?’ असे विचारले की समोरच्याला बचाव करावा लागतो. त्याऐवजी असे म्हणता येईल: ‘दुसऱ्या आणि चौथ्या आकृतीचे काम मी केले आहे. मला मसुदा वाचून त्यावर टिपणे द्यायची आहेत आणि पद्धतींचा भाग लिहायचा आहे. लेखकयादीबाबत आपण काय ठरवले आहे, हे मला समजून घ्यायला आवडेल.’ या तीन वाक्यांत तक्रार नाही, तरीही उरलेले तीन निकष पूर्ण करण्याची तुमची तयारी त्यांत आली आहे.

मार्गदर्शकांचा हेतू वाईट असेलच असे धरून चालू नका. नाव आभारांत जाणार हे तुम्हाला सहकाऱ्याकडून कळले आहे, त्यांच्याकडून नाही. कित्येक लॅबमध्ये यादी कुणी ठरवलेलीच नसते. मागच्या पेपरची यादी उचलून तीच पुढे चालवली जाते. मी स्वतः साहाय्यक होते तेव्हा हा विषय काढायला मला इतका संकोच वाटला, की पेपरची प्रुफे हातात आल्यावर मी तोंड उघडले. माझे मार्गदर्शक खरोखर वाईट वाटून म्हणाले, ‘अगं, आधी का नाही बोललीस? मला सुचलेच नाही.’ तोवर यादी बदलायची तर प्रत्येक लेखकाची लेखी संमती आणि संपादकांना स्पष्टीकरण, असा सगळा खटाटोप होता. तो कुणी केला नाही, आणि मीही धरून बसले नाही. त्या गप्प बसण्याची चुटपुट अजून जात नाही. तुमच्या हाती अजून दीड महिना आहे.

आणि उत्तर नकारार्थी आले तर? कारण विचारा आणि ते शांतपणे ऐका. काही वेळा कारण खरेच पटण्यासारखे असते. न पटल्यास संस्थेचे लेखकपणाचे धोरण आहे का ते पाहा, आणि असे प्रश्न हाताळण्यासाठी नेमलेली व्यक्ती किंवा समिती असेल तर तिच्याकडे तक्ता घेऊन जा. आजकाल बरीच नियतकालिके प्रत्येक लेखकाचा वाटा 14 ठरावीक भूमिकांमध्ये विभागून मागतात. प्रयोग करणे, पद्धत बसवणे, पडताळणी, विदेची निगा या त्यांतल्या काही. तो फॉर्म भरताना तुमच्या आकृत्यांपुढे कुणाचे नाव घालायचे, हा प्रश्न लॅबला टाळता येणार नाही. अगदीच काही झाले नाही, तरी आभारांत ‘तांत्रिक साहाय्याबद्दल’ एवढ्या मोघम शब्दांऐवजी नेमके काय केले ते लिहून घ्या. एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नका, ती म्हणजे विदा अडवून ठेवणे किंवा मूळ नोटबुक घरी नेणे. त्या नोंदी लॅबच्या असतात, आणि एकदा तसे केले की तुमची सगळी बाजू न्याय्य असली तरी बोलणे तुमच्याच वागण्यावर येऊन थांबते.

आता पीएच.डी.विषयी. ती केली की ‘हात’ असणे संपते, हा तुमचा समज मला तपासून पाहावासा वाटतो. पीएच.डी.चे विद्यार्थीही दिवसभर पिपेट धरतात, रविवारी पेशी पसरवायला येतात आणि बँड न आलेला ब्लॉट घेऊन खिडकीशी उभे राहतात. फरक असा की प्रश्न त्यांचा असतो, आणि तो फसला तरी तोही त्यांचाच असतो. म्हणून स्वतःला विचारा, की लॅबमधला कोणता प्रश्न तुमच्या मागे घरापर्यंत आला? प्रयोग फसतो तेव्हा ‘ही पद्धत नीट कशी बसवता येईल?’ हे तुमच्या मनात आधी येते, की ‘पेशी असे का वागत असेल?’ हे? पहिले मनात येणारी माणसे कमी प्रतीची नसतात. सामायिक उपकरणे असलेल्या सुविधा केंद्रांत, सूक्ष्मदर्शन किंवा फ्लो सायटोमेट्रीच्या (एकेक पेशी तपासून मोजण्याचे तंत्र) विभागांत, लॅब व्यवस्थापनात, औषधनिर्मितीच्या गुणवत्ता विभागांत अशाच माणसांची गरज असते आणि तिथे हातांतल्या व डोळ्यांतल्या जाणकारीला मान असतो. मायकोप्लाझ्माची गोष्ट वाचताना मला वाटले, की तुमचा ओढा कदाचित याच बाजूला असावा. पण हे मी एका पत्रावरून म्हणते आहे. तुम्ही स्वतःला अडीच वर्षे पाहिले आहे.

विषय सुचत नसताना केवळ मुदत आली म्हणून अर्ज करू नका, असे माझे ठाम मत आहे. एक वर्ष थांबल्याने दार बंद होत नाही. चेस यांचा तो पेपर 1952 साली आला आणि त्यांनी पीएच.डी. 1964 साली घेतली. मात्र थांबायचे तर नुसते दिवस ढकलत थांबू नका. लॅबच्या बैठकीत स्वतःच्या निष्कर्षांची मांडणी स्वतः करण्याची परवानगी मागा. स्वतःच्या प्रयोगांची सांख्यिकी दुसऱ्याकडून करून घेण्यापेक्षा शिकून घ्या. तीन वेळा केलेला प्रयोग आणि एकाच प्रयोगात तीनदा घेतलेले रीडिंग यांतला फरक ज्याला कळतो, त्याच्या मताला बैठकीत किंमत येते. एखादा लहानसा प्रश्न मागून घ्या, जो दोन महिन्यांत सुटेल किंवा सुटणार नाही हे तरी समजेल. असा प्रश्न हाती घेतल्यावर तुम्हाला सकाळी लवकर लॅबला जावेसे वाटले, तर अर्जाचा विषयही सापडेल. आणि वर्षभरात नवे काहीच शिकायला मिळाले नाही, मागूनही मिळाले नाही, तर ती लॅब सोडा. शिफारसपत्रासाठी केवळ लॅबप्रमुखांवर अवलंबून राहू नका. ज्यांनी तुम्हाला रोज काम करताना पाहिले आहे अशा ज्येष्ठ संशोधकांपैकी कुणाशी आधीच बोलून ठेवा.

घरच्यांच्या प्रश्नाबद्दल एवढेच सांगते, की ‘साहाय्यक’ या शब्दावरून त्यांना तुमचे काम कळणे शक्य नाही. मायकोप्लाझ्माची गोष्ट मला जशी सांगितलीत तशी एकदा त्यांनाही सांगा.

मार्गदर्शकांना भेटण्यापूर्वी एक काम आजच करा. ज्या दिवशी तुम्ही पेशी भरायला लागलेले दिवस एका खाली एक लिहिले, ते पान नोटबुकमध्ये शोधा. त्यावर तारीख, फ्लास्कचे क्रमांक आणि तपासणी का करावीशी वाटली याचे एखादे वाक्य असेल, तर तुमच्या तक्त्यातली पहिली ओळ तीच असू द्या. तो हिशेब सुट्या कागदावर केला असेल, तर तो कागद आजच्या पानावर चिकटवा, शेजारी ‘मागाहून केलेली नोंद’ असे स्पष्ट लिहा आणि आजचीच तारीख घालून सही करा. जुनी तारीख घालू नका.